पुऱ्या चार्जिंगची मजल

त्या वर्षी पाऊस गेला असं कुणालाच ठामपणे म्हणता येईना. दोन दिवस उघडीप मिळायची, लोक ओले कपडे दोरीवर टाकायचे, आणि दुपार कलायच्या आत पुन्हा आभाळ भरून यायचं. गोठ्यांपुढचा चिखल वाळला नाही तो नाहीच. थंडी सुरू झाली तरी गुरं घोट्याएवढ्या राड्यात उभी. खुरं भिजून भिजून साबणाच्या वडीसारखी मऊ पडली, तळव्यांत खडे रुतले, आणि गोठ्यागोठ्यांत गाई लंगडायला लागल्या.

खुरवाल्याचा फोन सकाळी चहा होण्याआधीच वाजायला लागायचा. त्याचं नाव फारसं कुणी घेत नसे. गुरांची खुरं छाटायची म्हणून तो खुरवाला. सगळं आयुष्य त्याने गाईच्या मागच्या पायाशी वाकून घालवलं होतं. चालतानाही तो थोडा वाकलेलाच असायचा. जणू खाली काहीतरी पडलंय आणि ते उचलायचं राहिलंय. अलीकडे त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. उजव्या डोळ्याने दिसायचं ते धुक्यातून, डाव्याने तेवढंही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं थांबा, मग ऑपरेशन करू. त्या थांबण्याच्या काळातच तो मोटरसायकलसकट रस्त्याकडेच्या चरात गेला. हाड मोडलं नाही, पण घरात निकाल लागला. बायकोने किल्ली काढून घेतली आणि ती कुठे ठेवली ते कुणालाच सांगितलं नाही.

मुलगा लांब कारखान्यात होता, वर्षातून दोनदा यायचा. त्याने मोटरसायकल विकली आणि विजेवर चालणारी स्कूटर घरी पाठवली. आवाज नाही, गिअर नाही; सुनेला सायकल यायची, तेवढं पुरलं. मुलगा फोनवर म्हणाला की एकदा पूर्ण चार्ज केली की सव्वाशे किलोमीटर पळते, कंपनीनेच तसं लिहिलंय. खुरवाल्याने मनात हिशोब केला. सगळ्यात लांबच्या गोठ्यापर्यंत जाऊन आलं तरी निम्मी शिल्लक राहील. सूनही तसंच समजून चालली.

सून घरात आली तेव्हा तिला गाईजवळ जायचीही भीती वाटायची. आता ती सासऱ्याला पुढे बसून गोठ्यागोठ्यांवर न्यायची, गाईचा पाय दोराने वर घ्यायची आणि सासरा काम करेपर्यंत धरून ठेवायची. मागे खुरवाला, त्याच्या मांडीवर अवजारांची कापडी पिशवी: लांब दांड्यांची पकड, कानस, दोन वाकड्या सुऱ्या, औषधाच्या बाटल्या, लाकडी ठोकळे. स्कूटर हलली की सगळं खडखडायचं. सासू म्हणायची, गाडीला आवाज नाही म्हणून काय झालं, तुमचा आहे ना.

पहिले काही दिवस जवळचे गोठे होते, तेव्हा काही कळलं नाही. मग एके दिवशी चढावरच्या गोठ्याचं बोलावणं आलं. निघताना गाडीच्या काचेवर शंभर टक्के दिसत होतं. सपाटीला आकडा हळूहळू उतरत होता. पुढे रस्ता चिखलाचा झाला, चाकं रुतायला लागली, समोरून गार वारा सुटला, आणि आकडा घागरीला भोक पडल्यासारखा गळू लागला. चढाला लागल्यावर तर सून रस्त्यापेक्षा काचेकडेच जास्त बघत होती. अर्ध्या चढावर गाडी आपोआप मंदावली, माणूस चालेल तेवढ्या वेगाने थोडी रांगली आणि थांबली.

दोघं उतरले. सून हँडलला, खुरवाला मागून. तो ढकलत होता, पण त्याचा श्वास तिला पुढे ऐकू येत होता. तिने दोनदा म्हटलं, तुम्ही नुसते चाला. त्याने ऐकलं नाही. मागून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, "खुरवाले, गाडीची खुरं वाढली का काय?" ट्रॉलीभर लोक हसले. खुरवालाही हसला, त्याला हसावंच लागलं, कारण त्यातल्या तिघांच्या गाई त्याच्या हातच्या होत्या.

पोचले तोवर गोठेवाल्याने वाट बघून गुरं चरायला सोडली होती. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि मग गडी पाठवून गाई परत आणवल्या. गाडी चार्जिंगला लावू का, हे विचारायचं काम सुनेवर आलं. पेट्रोल संपलं की माणूस बाटली घेऊन पंपावर जातो. पण चार्जिंग संपलं की कुणाच्या तरी दारात उभं राहून त्याच्या भिंतीतली वीज मागावी लागते, आणि गाडी भरेपर्यंत तासन् तास त्याच्याच अंगणात बसावं लागतं. गोठेवाला म्हणाला, दूध काढायच्या मशीनचं बटण सोडून कुठलंही घ्या. मग त्याने वासरांच्या खोलीतलं एक दाखवलं.

खुरवाल्याने त्या दिवशी जेवढ्या गाई ठरल्या होत्या त्याहून एक जास्त छाटली आणि तिचं काही घेतलं नाही. गोठेवाला नको म्हणाला, तर हा म्हणाला, विजेचे समजा.

संध्याकाळी मुलाला फोन झाला. तो म्हणाला, असं होणार नाही, कंपनीने सांगितलंय. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानदाराला विचारलं आणि थोडा नरमून परत फोन केला. दुकानदाराचं म्हणणं, तो आकडा सपाट रस्त्यावरचा, एका माणसाचा, बेताच्या वेगाचा. वर ऊन-वारा बेताचा धरलेला. चढ, चिखल, थंडी, मागे बसलेलं माणूस, जे जे येईल ते त्यातून वजा होत जातं. सासू बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे लग्नाआधी सांगतात तसं. सगळं खरंच असतं, फक्त आपल्या घरातलं नसतं."

मग सून स्वतःच शिकत गेली. कुठला रस्ता लांबून जातो पण चढ टाळतो, कुठे वेग धरला की आकडा पटपट पडतो, उतारावर हात सैल सोडला की एखादा टक्का परत कसा चढतो. दोघं आणि पिशवी, चिखलाचे दिवस: पन्नास किलोमीटरच्या थोडं वर. तेवढंच आपलं, असं धरून ती दिवस आखायची. चार्जिंगला लावली की मधून मधून उठून बघून यायची, कारण एका गोठ्यावर मालकाने पाण्याची मोटर लावायला यांचा प्लग काढला होता आणि परत लावायला विसरला होता. तिथून परतताना पुन्हा ढकलत यावं लागलं.

या बसण्याच्या तासांत तिला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. पूर्वी काम झालं की लगेच निघायचं असायचं, आता ती पुन्हा गाईंकडे जाऊन त्यांची पावलं बघायची. एकदा एका गाईच्या तळव्यातून रक्त झिरपत होतं. सुरी थोडी खोल गेली होती. खुरवाल्याने तिथे औषध लावून पट्टी बांधली होती, पण तिला सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात तसं पुन्हा झालं. पुढच्या गोठ्यावर तिने म्हटलं, शेवटचं साफ करायचं मला शिकवा ना. त्याने का म्हणून विचारलं नाही. सुरी तिच्या हातात दिली आणि तिचा अंगठा धरून गाईच्या तळव्यावर टेकवला. डोळ्यांनी बघू नकोस, म्हणाला, अंगठ्याने बघ; कडक तिथे जा, दबलं की थांब.

अंगठ्याने ती हळूहळू बघायला शिकली. पण मोठं काम, आतलं गळू फोडायचं, ते त्याचंच होतं.

अशातच वरच्या टेकाडावरून निरोप आला. तिथे एक बाई एकटी चार-पाच गाई सांभाळून होती. नवरा गेल्यापासून गोठा तिनेच ओढला होता. तिची सगळ्यात चांगली गाय गाभण, दिवस भरत आलेले, आणि मागच्या पायाने अशी जायबंदी झाली की काल बसली ती उठलीच नव्हती. जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले होते. ते म्हणाले, आत पू आहे, खूर उघडायला खुरवाल्याला बोलवा, आणि लवकर. भरल्या दिवसांची गाय फार काळ बसून राहिली तर पुढे उठवता येत नाही. बाईने कुणा शेजाऱ्याच्या हाती निरोप पाठवला होता, कारण वादळात तारा तुटून वर वीज नव्हती आणि फोनही बंद पडला होता. वाटेतल्या ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. दुचाकी तेवढी कशीबशी जात होती.

सुनेने हिशोब घातला. दोघं जाऊन येणं होत नव्हतं, आणि वर प्लगही नाही. पण फाट्यावर पेंडीचं दुकान होतं, ओळखीचं. जाताना तिथे दोनेक तास लावली तर जमलं असतं. सकाळी ते त्या भरवशावर निघाले.

फाट्यावर पोचले तर दुकानात अंधार. वीज इथलीही गेली होती. दुकानदार दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याने सांगितलं की माणसं खांबावर चढलीत, येईल दुपारपर्यंत, नाहीतर उद्या. गाडीच्या काचेवर सत्तरच्या आसपास आकडा होता. सुनेने तो बघितला, वरचा रस्ता बघितला आणि पुन्हा आकडा बघितला. परत घरी जाऊन भरून यायचं म्हटलं तर दिवस जात होता.

खुरवाला दुकानात गेला. पोती तोलायचा जुना काटा तिथे होता. पिशवी खाली ठेवून तो चाचपडत त्याच्यावर चढला आणि दुकानदाराला म्हणाला, बघ रे किती भरतो. दुकानदाराला वाटलं, चेष्टा चाललीय. त्याने वजनं सरकवली आणि म्हणाला, "दीड पोतं, थोडं कमी."

"ऐकलंस?" खुरवाला काट्यावरूनच सुनेला म्हणाला. "हे दीड पोतं रोज त्या चढावर नेतेस तू."

तो उतरला आणि पेंडीच्या पोत्यावर बसला. मग म्हणाला, "मी इथंच थांबतो. एकटीला जाऊन येणं होईल."

"आणि खूर कोण उघडणार?"

"तू."

दुकानदार आत काहीतरी शोधायला गेला.

"बाबा, भरल्या दिवसांची गाय आहे. मी कधी आतलं काम केलेलं नाही."

"बसलेली आहे. लाथ मारणार नाही. पाय दोराने खुंट्याला ओढून घे. काळा ठिपका मिळेल, त्याच्या मागे मागे जा. गुलाबी दिसलं की हात थांबव."

"तुम्ही हे गाडीसाठी म्हणताय, की दिसत नाही म्हणून म्हणताय?"

खुरवाल्याने हात पुसले. हात कोरडेच होते. "दोन्हीसाठी," तो म्हणाला.

सुनेने पिशवी पायांपाशी ठेवली आणि निघाली.

एकटी बसल्यावर गाडी तिला अनोळखी वाटली. मागे कुणी नाही म्हणून ती खड्ड्यांतून उडत होती. चढाला आकडा खाली आला, पण रोजच्यासारखा कोसळला नाही. मोरीपाशी तिने उतरून गाडी दगडांवरून हाताने पार केली. तिला गाडीची काळजी करायला मिळत होती हे बरंच होतं, नाहीतर सगळा वेळ ती गाय डोळ्यांपुढे राहिली असती.

वरची बाई गोठ्याच्या दारात उभी होती. तिने सुनेच्या मागे बघितलं, रस्त्यावर बघितलं. "खुरवाले कुठायत?"

सुनेने सांगितलं, आले नाहीत, मीच करणार आहे. बाईचा चेहरा पडला. ती दारातून बाजूला झाली. गाय आत पेंढ्यावर एका कुशीवर बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, पोट वर आलेलं. पोटात मध्येच वासरू हललं, तशी कातडी लाटेसारखी सरकली. सुनेने अंगावरचा स्वेटर काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि कोमट पाणी मागितलं. ते आणायला बाई आत गेली तेव्हा तिने एकदा दीर्घ श्वास घेतला.

दोर बांधून पाय मागे ओढून घेतला, तसा गाईने कण्हल्यासारखा आवाज काढला. पाण्याने चिखल सुटला. खुराची दोन बोटं. बाहेरचं सुजून गरम झालेलं, टोक वाकडं वाढलेलं. पकडीने टोक तोडायला तिला सगळं अंग लावावं लागलं. तो दांडा खुरवाल्याच्या जोराचा होता. तिच्या तळहाताची कातडी दुसऱ्याच दाबाला उचकटली. मग सुरी. ती पातळ पातळ साल काढत गेली आणि अंगठ्याने दाबत गेली. कडक. कडक. एका जागी दाबलं आणि गाईचं सगळं अंग झटक्याने आक्रसलं.

तिथे काळा ठिपका होता, मोहरीएवढा. तिने सुरीचं टोक त्यात घातलं. ठिपका आत रेघ होऊन गेला होता. रेघेच्या मागे ती जात राहिली. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला तेव्हा तिने डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच अंगठा ठेवला. खाली थोडं दबलं. पण खूर दबतंय की जिवंत मांस, हे तिला सांगता येईना. विचारायला कुणी नव्हतं. बाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्याकडेच बघत होती.

तिने सुरी केसभर पुढे नेली.

राखाडी पाण्याची चिळकांडी तिच्या मनगटावर उडाली. वास असा आला की बाईने तोंड फिरवलं. सुनेने मात्र फिरवलं नाही; आयुष्यात एवढी घाण कधी इतकी बरी वाटली नव्हती. मागोमाग पू आला, मग पातळ रक्त, मग काही नाही. गाईने लांब श्वास सोडला आणि मान सैल टाकली.

पुढचं काम हळूहळू झालं. सुटलेलं खूर कापून काढलं, जखम धुतली, औषध भरलं. चांगल्या बोटाखाली लाकडी ठोकळा चिकटवायचा होता, म्हणजे दुखरं बोट अधांतरी राहून त्याच्यावर भार येत नाही. थंडीने डिंक घट्ट झाला होता. बाटली काखेत धरून ती बसून राहिली. त्या वेळात बाई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, माझा नवरा होता तेव्हा मी पण नुसतं दोर धरायचे.

ठोकळा बसला. गाय मात्र उठेना. दोघींनी ढकललं, हाका मारल्या, पुढ्यात चारा धरला. सून शेवटी पिशवी भरायला लागली. तिला वाटत होतं की कुठेतरी चुकलंच. तेवढ्यात मागे पेंढा वाजला. गाईने पुढचे गुडघे टेकले, मान झोकली, आणि मागचं सगळं अंग एकदम वर आलं. क्षणभर ती तशीच डुलत राहिली. मग पुढचे पाय सरळ झाले आणि ठोकळा फरशीवर टक् करून वाजला. तिने एक पाऊल टाकलं, थांबली आणि चाऱ्यात तोंड घातलं. बाई खाली बसली ती बसूनच राहिली. रडत होती की काय, ते सुनेने बघितलं नाही.

उतरताना दिवस कलला होता. उतारावर आकडा टिकून राहिला, एका जागी एकाने वाढलासुद्धा. फाट्यावर आली तेव्हा खुरवाला सकाळच्याच पोत्यावर बसून होता, अंगावर दुकानदाराने दिलेलं रिकामं पोतं पांघरून. गाडीला आवाज नसल्यामुळे ती अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळलं नाही.

त्याने गाय कशी आहे असं विचारलं नाही. सुरी मागितली. तिने पिशवीतून काढून दिली. त्याने ती नाकाशी नेली, वास घेतला आणि मान हलवली.

"किती खोल गेलीस?"

तिने करंगळीचं नख त्याच्या तळहातावर टेकवलं.

"मी असतो तर थोडा आधी थांबलो असतो," तो म्हणाला. "मग उद्या परत जावं लागलं असतं." आणि थोड्या वेळाने, "उठली?"

"उठली. चारा खाल्ला."

त्याने तिचा तळहात चाचपला. उचकटलेल्या कातडीला बोट लागलं तशी ती कळवळली, पण हात काढून घेतला नाही.

वीज अजून आली नव्हती, आणि घरापर्यंत दोघांना पुरेल एवढं चार्जिंग उरलं नव्हतं. ती म्हणाली, बसा, संपलं की ढकलू. दुकानदाराचा टेम्पो पेंड घेऊन त्यांच्याच बाजूला निघाला होता. खुरवाला म्हणाला, मी पोत्यांबरोबर जातो, माझी जात तीच. टेम्पोत चढताना त्याला दोघांनी हात दिला. सून मागून सावकाश येत राहिली. पुढे टेम्पोत, पोत्यांच्या मधोमध, तिला तो घरापर्यंत दिसत होता.

त्यानंतर लांबचे गोठे ती एकटीच करायला लागली. पहिल्या सकाळी ती गाडी सुरू करून सवयीने थांबली. मागची सीट दबली नाही, तेव्हा लक्षात येऊन निघाली. खुरवाला त्या दिवसांत अंगणात बसून सुऱ्यांना धार लावायचा, नको तितकी. दुपारी सासू त्याला जेवायला दोनदा हाक मारायची. संध्याकाळी तो प्रत्येक गाईचं विचारायचा: कुठला पाय, कुठलं बोट, किती लंगडत होती. ती सांगायची तेव्हा त्याचा अंगठा मांडीवर दाबत राहायचा.

थोड्या दिवसांनी ऊन स्थिरावलं, रस्ते वाळले. एके सकाळी खालच्या अंगाच्या, अगदी जवळच्या गोठ्याचं बोलावणं आलं. सून गाडी बाहेर काढताना म्हणाली, "बाबा, आज जवळच आहे. दोघांना पुरून उरेल. चला."

तो म्हणाला, कशाला, तुझं तू करतेस. ती गाडीवर बसून राहिली, निघाली नाही. सासू दारातून म्हणाली, जा की, इथे बसून सुऱ्या झिजवून टाकाल. तेव्हा तो उठला.

गोठेवाला जुना माणूस. त्याने सवयीने खुरवाल्यापुढे गाय आणून उभी केली, पिशवी त्याच्या हाताशी ठेवली. खुरवाल्याने ती उचलून सुनेकडे दिली. तो वाकला, गाईचा मागचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला आणि तिचा भार खांद्यावर तोलून धरला.

"हे काय, खुरवाले?" गोठेवाला म्हणाला. "छाटणार कोण?"

"ती," खुरवाला म्हणाला. "मी पाय धरायला आलोय."

गोठेवाला हसायला लागला आणि मधेच थांबला. सुनेने सुरी काढली, खाली बसली आणि तळव्यावर अंगठा टेकवला.